घर रिकामं करताना फ्लॅटचे कागद टेम्पोत घालू नका

प्रश्न : वडील चार महिन्यांपूर्वी गेले. डोंबिवलीतला त्यांचा वन बीएचके रद्दी, डबे, पिशव्या, बंद रेडिओ यांनी छताला टेकलाय. सफाई कंपनी 1 लाख 80 हजार मागते, 70 टक्के आगाऊ. घरातलं सगळं सामान कंपनीचं, असं कोटेशनमध्ये आहे. रद्दीच ती, आमची हरकत नाही. वडिलांनी पूर्वी शेअर-बिअर घेतले होते, ते बुडालेच असतील. आई माझ्याकडे, बहीण नाशिकला. फ्लॅट लगेच विकायचाय. पर्सनल लोन काढू का?

उत्तर : नको. 14 टक्क्यांनी तीन वर्षांत त्याचे 2 लाख 21 हजार फेडाल, आणि कामाची किंमत ढोबळमानाने साठ हजार. चार माणसं पाच दिवस, हजार रुपये रोज, झाले वीस हजार. टेम्पोच्या सहा फेऱ्यांचे पंधरा. पेस्ट कंट्रोल आणि धुणं-पुसणं पंचवीस. वरचे एक लाख वीस हजार तुमच्या संकोचाचे. शेजाऱ्यांच्या नजरेआड उरकायची तुमची घाई कंपनीच्या माणसाने दारातच हेरली.

मला धडकी भरली ती ‘हरकत नाही’ वाचून. विकायचाय म्हणता, मग मूळ ॲग्रीमेंट आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठंय? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे बहुधा त्याच ढिगात. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, निबंधकांकडून पुन्हा मिळेल. मूळ करार गेला तर पोलिसात तक्रार, पेपरात नोटीस, सोसायटीला हमीपत्र. एवढं करूनही गिऱ्हाईकाची बँक होमलोनला कुरकुरणार आणि गिऱ्हाईक भाव पाडणार. 45 लाखांत पाच टक्के सोडलेत तरी सव्वादोन लाख गेले!

शेअर बुडाले हे कुणी सांगितलं? सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, की शेअर सरकारच्या आयईपीएफकडे (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधी) जातात आणि वारसांना परत मागता येतात. जुन्या पाकिटावरचा फोलिओ नंबर, म्हणजे शेअरधारकाचा खाते क्रमांक, सापडला तर निम्मं काम झालं. दहा वर्षं पडून राहिलेल्या बँकेतल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. अशा ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर वडिलांच्या नावाने शोधा.

मृत्युपत्र नसेल तर या सामानात आई आणि बहिणीचाही वाटा आहे. ते परस्पर कंपनीला लिहून देणारे तुम्ही कोण? बहिणीला बोलवा, दोन शनिवार-रविवार काढा, आधी फक्त कागद वेचा. पोथ्या, कॅलेंडरच्या मागची पाकिटं, गादीखालचा पत्रा, सगळं झटकून बघा.

मग हवं तर कंपनी. आगाऊ फार तर वीस टक्के, बाकी घर रिकामं झाल्यावर. भंगाराचं वजन तुमच्यासमोर, तांबं-पितळ वेगळं. कागद, रोकड, दागिने कुटुंबाचे, हे लेखी. कुरबुर केली तर नाक्यावरची माणसं आणि ओळखीचा टेम्पोवाला पुरे.