वाचकांचे प्रश्न : वेधशाळा दिवसा पाहावी का?

प्रश्न : आम्ही लंडनजवळ क्रॉयडनला राहतो. साताऱ्याहून आलेले सासू-सासरे जून अखेरपर्यंत आमच्याकडे आहेत. मुले सहा आणि अकरा वर्षांची आहेत. ससेक्समधील हर्स्टमॉन्सूच्या वेधशाळेत चालणाऱ्या विज्ञान केंद्रात सर्वांनी एक दिवस घालवावा असे मनात आहे. पण दुर्बिणी दिवसा पाहून काय मिळणार, असे सासरे विचारतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, क्रॉयडन

उत्तर : तारे पाहण्यापुरते बरोबर आहे; मात्र जूनमध्ये तिथे रात्री जाऊनही त्यांच्या पदरात फारसे पडले नसते. पूर्ण काळोख होण्यासाठी सूर्य क्षितिजाखाली 18 अंश जावा लागतो आणि त्या अक्षांशावर जूनच्या उत्तरार्धात मध्यरात्रीही तो 16 अंशांच्या पुढे उतरत नाही. आकाशदर्शनाची हौस असेल, तर हिवाळ्यातील संध्याकाळचा एखादा कार्यक्रम गाठावा.

दिवसा पाहायची ती यंत्रे. ग्रीनिचच्या वेधशाळेला लंडनचा धूर आणि दिवे यांनी जेरीस आणल्यावर, दुसऱ्या महायुद्धानंतर ती टप्प्याटप्प्याने इथे हलवण्यात आली. तांब्याच्या पत्र्याने मढवलेले आणि आता हिरवे पडलेले सहा घुमट हा त्याच काळाचा वारसा आहे. त्यांतील 26 इंची, म्हणजे तेवढ्या व्यासाचे भिंग असलेल्या, दुर्बिणीसमोर सासऱ्यांना जरा वेळ उभे करा. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर तारा नजरेतून निसटू नये म्हणून अशा दुर्बिणीचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो, म्हणजे इथे तो जमिनीशी सुमारे 51 अंशांचा कोन करतो. साताऱ्यात हीच दुर्बीण बसवायची झाली, तर अक्ष 18 अंशांपर्यंत खाली वाकवावा लागेल, कारण तिथून ध्रुवतारा तेवढाच वर दिसतो. आयुष्यभर ध्रुव क्षितिजालगत पाहिलेल्या माणसाला हा फरक आकृतीशिवाय समजेल. साताऱ्यात मावळणारे सप्तर्षी इंग्लंडमध्ये मावळतच नाहीत, हेही मग ओघाने येईल आणि ते तुमच्या अंगणातूनही पडताळता येईल.

धाकट्यासाठी केंद्रातील हाताळण्याजोगी शंभराहून अधिक उपकरणे आहेत. सकाळी तो ताजातवाना असताना तिथूनच सुरुवात करावी आणि घुमट नंतर पाहावेत. एक आग्रहाची सूचना : उपकरणाला त्याचा हात लागण्याआधी शेजारची पाटी मोठ्याने वाचून दाखवू नका. काय होते ते त्याला आधी दिसू द्या. ‘का’ हा प्रश्न तो स्वतःच विचारील, आणि नाही विचारला तरी बिघडत नाही. थोरल्याला बहुधा घुमटातून बाहेर काढावे लागेल. घुमटांत पायऱ्या आहेत, तेव्हा ज्येष्ठांच्या गुडघ्यांचा विचार आधीच करावा. रेल्वे स्थानक चालत जाण्याइतके जवळ नसल्याने मोटारीने जाणे सोयीचे. केंद्र त्या दिवशी खुले आहे का, याची चौकशी निघण्यापूर्वी जरूर करावी.

प्रश्न : आइन्स्टाइन खरा ठरला तो तिथल्याच एका दुर्बिणीमुळे, असे मुलाने वर्गात सांगितले. हे खरे आहे का?
— तेच वाचक

उत्तर : अर्धे खरे आहे. तिथल्या 13 इंची दुर्बिणीचे भिंग 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्राझीलमधील सोब्राल येथे नेले होते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइनने सांगितला होता तेवढाच वाकतो का, हे तेथे मोजायचे होते. परंतु या भिंगाने घेतलेली छायाचित्रे धूसर आली. भिंगाकडे प्रकाश वळवणारा आरसा उन्हाने तापून बिघडल्याचा संशय त्या वेळी घेतला गेला. सोबत नेलेल्या 4 इंची भिंगाची छायाचित्रे मात्र स्वच्छ निघाली, आणि सोब्रालच्या निष्कर्षाची भिस्त त्यांच्यावरच राहिली. मुलाने वर्गात हा दुसरा भागही सांगावा. मोठ्या भिंगाची फजिती झाली आणि लहान भिंगाने वेळ निभावून नेली, हे मुलांना अधिक आवडेल असे वाटते.