दारू नाही, तरी झोकांड्या

प्रश्न : माझ्या मिस्टरांना फिटचा त्रास आहे. दहा-बारा वर्षांपासून फेनिटोइन 100 च्या तीन गोळ्या चालू आहेत, सकाळी एक, रात्री दोन. बऱ्याच दिवसांत फिट आलेली नाही. पण पंधरवड्यापासून चालताना तोल जातो, जीभ जड होते, घास तोंडाशी नेताना हात थरथरतो. गावात बोलतात की यांनी प्यायला सुरुवात केली. हे माळकरी आहेत, थेंबही घेत नाहीत. हिरड्या सुजून दातांवर आल्यात, त्याची आता सवयच झाली. दीर म्हणतात, गोळ्यांनी मेंदू सुकला, बंदच करा. मध्यंतरी जांघेत गजकर्ण झालं म्हणून मेडिकलमधून मलम आणि फ्लुकोनाझोलच्या गोळ्या आणल्या, तेवढंच नवीन औषध. काय करावं?
– एक भगिनी, जालना जिल्हा

उत्तर : ताई, शेवटी सहज लिहिलेल्या त्या ‘तेवढंच नवीन औषध’वरच माझा संशय आहे.

फेनिटोइन यकृतात मोडून शरीराबाहेर जातं आणि फ्लुकोनाझोल नेमकं ते मोडण्याचं काम मंदावतं. मोरीचं भोक अर्धं बुजलं की रोजचंच पाणी तुंबतं, तसं तीनच गोळ्यांचं औषध रक्तात साठत गेलं असणार. त्यात फेनिटोइनचा स्वभाव अवघड. यकृताची क्षमता संपत आली की 100 ची एकच गोळी वाढवली तरी काहींच्या रक्तातली पातळी दुपटीवर जाते. ही पातळी एका मिलिलिटर रक्तात साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅममध्ये हवी. 20 च्या वर गेली की बुबुळं थरथरायला लागतात, 30 च्या पुढे झोकांड्या, 40 च्या पुढे माणूस गुंगीत जातो. त्यांना समोर बसवा, बोट हळूहळू कडेला न्या आणि मान न वळवता नुसत्या नजरेने बघायला सांगा. बुबुळं कडेला टिकत नसतील, झटके देत मागे येत असतील, तर संशय आणखी पक्का. नसतील तरी तपासणी टळत नाही.

दिरांचं मात्र ऐकू नका. गोळी एकदम तोडली तर फिटमागून फिट येत राहते, मधे शुद्धच येत नाही. त्यात माणूस दगावतो. फ्लुकोनाझोल आजच थांबवा. फिटच्या डॉक्टरांना आजच फोन करा, दोन्ही पाकिटांवरची नावं वाचून दाखवा आणि रक्तातली फेनिटोइनची पातळी कधी तपासायची ते विचारा. रात्रीची गोळी किती द्यायची हेही तेच सांगतील. डोस कमी केला तर पुढचं लक्षात ठेवा: फ्लुकोनाझोलचा अंमल उतरला की पातळी पुन्हा खाली येते आणि कमी केलेला डोस तसाच राहिला तर फिट परत येते. म्हणून डोस पुन्हा कधी वाढवायचा, हे त्याच भेटीत लिहून घ्या. उलट्या, गुंगी किंवा अंगावर पुरळ दिसलं तर फोनवर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. तोवर मोटारसायकल, विहीर, फवारणी सगळं बंद.

मेंदूबद्दल दीर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पातळी महिनोन्‌महिने चढलेली राहिली तर तोल सांभाळणारा लहान मेंदू कायमचा दुखावू शकतो. पंधरवड्यात लक्षात आलं, त्यामुळे हे बहुतेक भरून येईल. माळकऱ्यावर पिण्याचा आळ आला नसता तर तुम्ही पत्र लिहिलं असतं की नाही, कोण जाणे.

हिरड्यांची सवय कशाला करून घेता? तेही याच गोळीचं देणं. दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले, रोज दोनदा नीट घासले तर सूज बरीच आटोक्यात राहते. गोळी बदलली तर काही महिन्यांत ओसरतेही. लेव्हेटिरासिटाम हा एक पर्याय आहे, पण त्याने काहींची चिडचिड इतकी वाढते की घरचेच हैराण होतात. यांचा स्वभाव मुळात तापट असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. फेनिटोइन इतकी वर्षं घेतल्याने हाडं ठिसूळ होतात, तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्वही एकदा तपासून घ्या.

गजकर्णासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि फिटची गोळी चालू असल्याचं आधी सांगा. त्या मलमाची ट्यूबही बघा. तिच्यावर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन छापलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज थांबते, गजकर्ण पसरत जातं.