रेंडरिंग सॉफ्टवेअरची चाचणी : आर्किटेक्चरच्या विद्यार्थिनीला वाट आहे का?

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षात शिकते. डिझाइनपेक्षा रेंडरिंगमध्ये, म्हणजे संगणकावरील त्रिमितीय मॉडेलपासून खरे वाटणारे चित्र तयार करण्यात, माझे मन अधिक रमते. दिवाणखान्याचा एकच सीन मी मित्रमैत्रिणींच्या तीन संगणकांवर ग्राफिक्स कार्ड वापरून रेंडर केला. एकावर 7 मिनिटे लागली, दुसऱ्यावर 19 आणि तिसऱ्यावर सॉफ्टवेअर मध्येच बंद पडले. हे सर्व मी तक्त्यात नोंदवले आहे. निरनिराळ्या हार्डवेअरवर असे सॉफ्टवेअर तपासण्याचे काम हे करिअर होऊ शकते का? त्यासाठी आर्किटेक्चर सोडून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जावे का? बाबांचे म्हणणे आहे की, आधी एक भारी ग्राफिक्स कार्ड घेऊ, मग ठरवू.

उत्तर : असे काम निश्चितपणे आहे, मात्र नेमक्या या नावाची जागा जाहिरातीत क्वचितच दिसेल. रेंडरिंग सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांच्या टेस्टिंग विभागात, ग्राफिक्स कार्ड व वर्कस्टेशन बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये व्यावसायिक सॉफ्टवेअर तपासून प्रमाणित करणाऱ्या गटात आणि कोणते संगणक घ्यावेत हे ठरवण्यासाठी स्वतंत्र माणूस ठेवणाऱ्या मोठ्या आर्किटेक्चर कार्यालयांत ते विखुरलेले आहे. त्यासाठी पदवी सोडण्याची गरज नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागण्यासारखे ते होईल, आणि त्याचे कारण तुमच्याच तक्त्यातून दाखवता येते.

प्रथम 7 आणि 19 या आकड्यांकडे पाहू. दोन्ही वेळा सॅम्पलची संख्या (प्रत्येक पिक्सेलसाठी प्रकाश किती वेळा मोजायचा) सारखी होती, की नॉइज (चित्रातील दाणेदारपणा) ठरावीक पातळीखाली आल्यावर रेंडर थांबेल अशी सेटिंग होती? तो दाणेदारपणा पुसणारा डीनॉइझर दोन्हीकडे चालू होता का? लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर? एकाच नावाचे ग्राफिक्स कार्ड निरनिराळ्या लॅपटॉपमध्ये कमीअधिक वीज घेते, आणि काही मिनिटांत ते तापले की स्वतःचा वेग उतरवते. त्यामुळे छोट्या सीनवर पुढे असलेला संगणक मोठ्या सीनवर मागे पडू शकतो. पहिल्या वेळी सॉफ्टवेअरची बरीच पूर्वतयारी त्याच मिनिटांत मोजली जाते, म्हणून तो आकडा वेगळा ठेवावा, नंतर तोच रेंडर अनेकदा करून मधला आकडा घ्यावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शिवाय सॉफ्टवेअरचा स्वभावही पाहावा लागतो. कोरोना या सॉफ्टवेअरचे रेंडरिंग सीपीयूवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर होते, लुमियन व एन्स्केप यांची भिस्त ग्राफिक्स कार्डावर आहे, तर व्ही-रे आणि ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील सायकल्स दोन्हींवर चालू शकतात. त्यामुळे सॉफ्टवेअर आणि सीन सांगितल्याशिवाय ‘वेगवान संगणक कोणता’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

तक्त्यातील सर्वांत मोलाची ओळ मात्र तिसऱ्या संगणकाची आहे, आणि तीच तुम्ही ‘बंद पडले’ एवढ्यावर सोडून दिली आहे. सीपीयूवर रेंडर करताना सीन संगणकाच्या मुख्य रॅममध्ये मावला की भागते. ग्राफिक्स कार्डावर मात्र भूमिती आणि टेक्श्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे) कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावे लागतात. ते मावले नाहीत तर काही सॉफ्टवेअर मुख्य रॅमचा आधार घेऊन संथ होतात आणि काही थेट बंद पडतात. लाकडाच्या जमिनीसाठी 8192 बाय 8192 पिक्सेलचे एक टेक्श्चर घेतले, तर डिस्कवर ती काही एमबींची फाइल दिसते. परंतु प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट धरल्यास ते मेमरीत उलगडल्यावर 256 एमबी जागा घेते. अशी 32 टेक्श्चर म्हणजे 8 जीबीचे कार्ड भरले. (तुमच्या वर्गात सोफ्याच्या उशीलाही 8के टेक्श्चर लावण्याची हौस असणार, असे मी धरून चालतो.) तेच टेक्श्चर 4096 बाय 4096 केले की 64 एमबीवर येते. एवढा एकच बदल करून सीन चालला, तर मेमरीवरचा संशय पक्का होतो. तरीही बंद पडला, तर दुसरीकडे पाहावे लागेल. उदाहरणार्थ, कार्डाने सुमारे 2 सेकंद प्रतिसाद दिला नाही तर विंडोज त्या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आपणहून पुन्हा सुरू करते. हा शोध शेवटपर्यंत नेणे म्हणजेच टेस्टिंग. मिनिटे नोंदवणे ही केवळ त्याची सुरुवात आहे.

वेळ मोजण्याचे काम एखादी स्क्रिप्टही करील, पण चित्र चुकले आहे हे कोण ओळखणार? येथे तुमचे शिक्षण उपयोगी पडते. दशांश संख्यांची बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर तिचे शेवटचे अंक थोडे बदलतात, आणि दोन चिप तो क्रम सारखाच ठेवतील असे नसते. त्यामुळे त्यांची चित्रे पिक्सेल-पिक्सेल जुळतातच असे नाही, आणि चाचणीत किती फरक चालेल हे आधी ठरवून घेतात. आता समजा, मॉडेलमध्ये स्लॅबचा वरचा पृष्ठभाग आणि फरशीचा पृष्ठभाग नेमक्या एकाच पातळीवर काढले आहेत. मग तो नगण्य फरकच कोणता पृष्ठभाग दिसावा हे ठरवतो, आणि एका कार्डावर स्वच्छ दिसणारी फरशी दुसऱ्यावर काँक्रीटच्या डागांनी भरते. केवळ प्रोग्रामिंग जाणणारा माणूस त्याचे खापर ड्रायव्हरवर फोडण्याची शक्यता आहे. तुम्ही फरशीला तिची जाडी द्याल आणि डाग जातील. याच्या उलटही घडते. सर्वेक्षणाचे निर्देशांक तसेच ठेवून, मिलिमीटरमध्ये काढलेले मॉडेल मूळ बिंदूपासून सुमारे 16.8 किलोमीटरच्या पलीकडे गेले की 32 बिटांच्या दशांश संख्येला 2 मिलिमीटरहून लहान पाऊल टाकता येत नाही, आणि खिडकीच्या चौकटीच्या कडा थरथरू लागतात. हा दोष सर्व संगणकांवर सारखाच दिसतो, म्हणजे हार्डवेअर त्यातून सुटले.

बाबांना सांगा की, कार्डाची घाई नको. भारी कार्ड मेमरीची टंचाई आणि संथपणा दोन्ही झाकते. या कामाला उलट साधे, जुने, निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक लागतात, आणि ते कॉलेजच्या लॅबमध्ये व मित्रांकडे आहेतच. पैशांपेक्षा वेळ पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकण्यात घाला. ब्लेंडर मोफत आहे, त्याला कमांड लाइनवरून (टाइप केलेल्या आज्ञेने) रेंडर करायला सांगता येते आणि पायथनने हवे तसे राबवता येते. ब्लेंडर ओपन डेटा या नावाने जगभरातील लोकांच्या संगणकांवरील निकाल खुले ठेवलेले आहेत. एकाच कार्डाच्या निकालांत किती तफावत पडते हे तेथे अवश्य पाहा.

या कामाची दुसरी बाजूही स्पष्ट सांगतो. नवा ड्रायव्हर आला की तेच सीन, तेच कॅमेरे, तीच तुलना पुन्हा करावी लागते, आणि तुम्ही तपासलेली चित्रे कोणत्याही प्रदर्शनात लागत नाहीत. रेंडरिंगमधील तुमची गोडी सुंदर चित्र घडवण्याची असेल, तर व्हिज्युअलायझेशन स्टुडिओचा मार्ग अधिक योग्य ठरेल. मात्र ‘तिसऱ्यावर का बंद पडले’ या प्रश्नाने तुम्हाला खरोखर अस्वस्थ केले असेल, तर पुढच्या सुटीत इंटर्नशिपसाठी अर्ज करा. अर्जासोबत वीस चित्रांच्या पोर्टफोलिओऐवजी दोन बग रिपोर्ट (सॉफ्टवेअरमधील दोषाची नोंद) जोडा. सॉफ्टवेअरची आवृत्ती, ड्रायव्हरचा क्रमांक, दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, काय अपेक्षित होते आणि काय दिसले, हे सर्व त्यात असावे. आणि ज्यात तो दोष अजूनही दिसतो असा, अनावश्यक सर्व काढून टाकलेला लहानात लहान सीन सोबत द्यावा.