दीड मार्क आणि मोबाइल

प्रश्न : मुलीला प्रवेश परीक्षेत दीड मार्क कमी पडले. तेवढाच अभ्यास केलेल्या मैत्रिणीला प्रवेश मिळाला. ‘मेहनतीला फळ मिळतंच, म्हणजे तूच कुठेतरी कमी पडलीस,’ असं मी तिला समजावतो. तेव्हापासून ती घुम्यासारखी बसून असते. तिचा मोबाइलही काढून घेतलाय, सध्या धाकटा वापरतो. रिपीट करावं की दुसरी शाखा घ्यावी? – एक पालक

उत्तर : दोन्ही वाटा खुल्या आहेत, प्रवेशाच्या तारखा तेवढ्या बघून ठेवा. मला काळजी वाटली ती तुमच्या ‘समजावतो’ची. याला समजावणं नाही, निकाल लावणं म्हणतात.

‘मेहनत तसं फळ’ ही समजूत मुलांना बळ देते, असं आपण धरून चालतो. निम्मं खरं आहे. पण तीच समजूत उलटी वाचली की ‘फळ नाही, म्हणजे मेहनत नाही’ असं होतं. मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी 1966 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बाईला चुकांबद्दल विजेचे झटके बसताहेत, असं विद्यार्थिनींना दाखवलं (झटके खोटे होते). तिला सोडवणं आपल्या हातात नाही म्हटल्यावर बघणाऱ्या तिलाच कमी लेखू लागल्या. जग न्यायाने चालतं हे मानायचं, तर सोसणाऱ्याचंच काहीतरी चुकलेलं असायला हवं ना! तुम्ही घरात तेच करताय. आणि दीड मार्काचं म्हणाल, तर त्याच मुलीला त्याच अभ्यासावर दुसरा पेपर दिला असता तरी एवढा फरक सहज पडला असता.

नंतरच्या संशोधनात या समजुतीचे दोन भाग वेगळे केले गेले. ‘जगात ज्याला त्याला लायकीप्रमाणे मिळतं’ असं मानणारे इतरांच्या दुःखाबाबत कठोर होताना दिसतात. ‘माझ्याशी लोक न्यायाने वागतात’ असं वाटणारी मुलं मात्र जास्त समाधानी असतात, ताणही कमी घेतात. हा दुसरा विश्वास उपदेशाने येत नाही. शिक्षक मार्क का कापले ते सांगतात का, घरात दोघा भावंडांना एकच नियम आहे का, हे मुलं रोज बघत असतात.

तर मोबाइल आज तिला परत द्या. धाकट्याकडून घेऊन, तिच्यासमोर. ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणा, पुढे ‘पण’ जोडू नका. जेवण-झोप बिघडली असेल तर समुपदेशकाकडे न्यायला उशीर करू नका.

शाखेचं विचारायचं असेल तर पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही वाचायला मागू नका.