बडोद्याच्या जुन्या शहरात अर्ध्या दिवसात पायी काय काय पाहता येईल?

‘जुन्या इमारती आणि पुतळे बघायचे आहेत’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. रंगवलेल्या भिंतींचं नावही नाही, म्हणून लिहायला बसलो.

दांडिया बाजारात आमचं जुनं घर होतं. जिन्याच्या भिंतीवर ऋद्धिसिद्धींसह गणपती रंगवलेला, भोवती वेलबुट्टी. माझ्या मुंजीच्या आधी काकांनी रंगारी बोलावले. ओल आलीय, पोपडे सुटलेत, पाहुण्यांना काय हे दाखवायचं? एका दुपारी चुन्याचे दोन हात बसले आणि भिंत पांढरी झाली. आजी त्यानंतरही जिना चढताना त्याच जागी हात टेकवून कपाळाला लावायची. मी मोठा झाल्यावर काकांशी यावरून खूप भांडलो. ते एकच म्हणायचे, "घरच्या भिंतीवरच्या चित्राला कोण कला म्हणतं?"

पुढे कॉलेजात असताना तांबेकर वाड्यात पहिल्यांदा गेलो. बडोद्याचे दिवाण (१८४९ ते १८५४) भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा. वरच्या मजल्यावरच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत: कृष्णलीला, मराठे आणि इंग्रजांची लढाई. मला मात्र कडेची वेलबुट्टी दिसली. आमच्या जिन्यावर होती तशीच. हा वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आला, म्हणून राहिला. आमचा कोण राखणार?

तर मांडवीपासून निघा. लहेरीपुरा दरवाजा, मग न्यायमंदिर (१८९६, २०१८ पर्यंत इथे कोर्ट भरायचं), सूरसागर तलाव, तिथून रावपुऱ्याकडे तांबेकर वाडा. इथे घाई करू नका, निदान तासभर द्या. मग कोठी भागातून कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक. सयाजीराव महाराजांच्या बोलावण्यावरून नंदलाल बोस आले आणि १९३९ ते १९४६ या काळात त्यांनी इथल्या चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरा, नटीर पूजा (टागोरांचं नाटक) आणि महाभारतातलं युद्ध. इतका मोठा चित्रकार कॅनव्हास सोडून भिंतीपाशी वर्षानुवर्षं येत राहिला, याहून काकांना वेगळं काय उत्तर द्यायचं?

पुतळाच हवा असेल तर पुढे काळा घोडा आहे. इंग्रज शिल्पकार डर्वेंट वुड यांनी केलेला, १९०७ चा, घोड्यावर स्वतः सयाजीराव. चांगला आहे. पण तो चौकात उभा आहे, येता-जाता रिक्षातूनही दिसतो. सूरसागरातल्या महादेवाच्या पुतळ्याचंही तेच.

हो, वाडा आणि कीर्तिमंदिर कधी उघडं असतं ते आदल्या दिवशी विचारून घ्या, बंद दारावरून परत यावं लागतं. उन्हाळ्यात सकाळीच निघा. आत फ्लॅश मारू नका.

आणि तुमच्या गावच्या घरात असं काही रंगवलेलं असेल, तर चुना लावण्याआधी निदान फोटो काढून ठेवा. आमच्या गणपतीचा एकही नाही.