बायो हवंय, की गणित नकोय?

दहावीचा निकाल लागला की पुढचे तीन-चार आठवडे माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न फिरत असतो. सायन्सवाले विचारतात, "पीसीएम घेऊ का पीसीबी?" म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित की बायो. कॉमर्सवाले विचारतात, "मॅथ्स ठेवू का एसपी?" एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस. सीबीएसईचे पालक तर नववी संपतानाच येऊन बसतात, गणित बेसिक घ्यायचं की स्टँडर्ड. शब्द निराळे, दुखणं एकच. त्यावर वडीलधाऱ्यांचं ठरलेलं वाक्य: "असू दे हो मॅडम, गणित असलं की सगळे ऑप्शन ओपन राहतात." २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हापासून फॉर्मची तारीख जवळ आली की रात्री दहालासुद्धा फोन येतात.

म्हणून ओंकारची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे इतर तपशीलही. इचलकरंजी तेवढी खरी ठेवलीय. ती काढली तर गोष्टीत काही उरत नाही. यंत्रमागांचं गाव, म्हणजे मोटरींचं गाव. आणि मोटर म्हटली की ती जळणारच. ओंकारच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरीत तांब्याची तार नव्याने भरायचं दुकान.

पहिल्या भेटीत वडीलच बोलले. मुलाला दहावीला गणितात ५२, बाकी सगळीकडे बरे गुण. "इंजिनिअर झालाच पाहिजे. माझ्यासारखं तांब्याच्या तारेत आयुष्य जायला नको." मी त्यांना बाहेर चहाला पाठवलं आणि मुलाकडे वळले.

"तुला काय घ्यायचंय?"

"पीसीबी."

"डॉक्टर व्हायचंय?"

"नाही."

"मग फार्मसी? नर्सिंग?"

"नाही मॅडम. मला रक्त बघितलं की चक्कर येते."

"अरे, मग बायो कशाला?"

"त्यात गणित नसतं."

मला हसू आलं, पण असं सांगणारा तो काही पहिला नव्हता. बायो हवं म्हणून बायो घेणारी मुलं आणि गणित नको म्हणून बायो घेणारी मुलं एकाच फॉर्मवर एकाच रकान्यात टिक करतात. फॉर्मला फरक कळत नाही, तो आपण विचारावा लागतो. मी कपाटातून राज्य मंडळाचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. त्याचा दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. सदिश, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, सगळं तिथेच. पीसीबीवाल्यांनाही तो सुटत नाही. त्याने दोन पानं उलटली आणि पुस्तक हळूच मिटून टेबलावर ठेवलं.

"आता आर्ट्स," तो म्हणाला.

दुसऱ्या भेटीला शाळेतल्या पूर्वपरीक्षेचे पेपर घेऊन ये म्हटलं होतं. ही माझी जुनी सवय. मुलांनी स्वतःबद्दल काय सांगितलं त्यापेक्षा त्यांचा पेपर जास्त सांगतो. गणित भाग दोन, म्हणजे भूमिती, ४० पैकी २७. भाग एक, बीजगणित, ४० पैकी १४. पण माझी नजर गुणांवर नव्हती, कागदावर होती. बीजगणिताच्या पेपरात कच्च्या कामाची जागा खरवडून खरवडून पातळ झाली होती, एके ठिकाणी तर भोक पडलेलं.

"पेन्सिलीने केलंस आणि खोडलंस?"

"चुकलं की खोडतो. कुणाला दिसायला नको."

मग मी विषयच बदलला. दुकानात काय काय करतोस विचारलं. पोरगं खुललं. छत्तीस स्लॉटची, चार पोलची थ्री फेज मोटर असेल तर पहिली फेज एक नंबरच्या स्लॉटला सुरू होते, दुसरी सातला, तिसरी तेराला. सातच का, विचारलं तर बोटं मोडत त्याने नीट सांगितलं. इथे "बघ, तुला गणित येतं!" असं म्हणून टाळी घ्यायचा मोह मलाही झाला. आवरला. मोटरीचा हिशेब जमतो म्हणून बीजगणित जमत नाही, आणि मुलं असल्या कौतुकातली खोट लगेच ओळखतात.

मी एवढंच विचारलं, "गिऱ्हाईक जळकी मोटर घेऊन आलं की आधी काय करतोस? फेकून देतोस?"

"फेकतात होय! खोलून टेस्ट लॅम्प लावायचा. कुठली फेज गेलीय, का वायर बॉडीला लागलीय, ते बघायचं."

"आणि गणिताची मोटर?"

तो गप्प झाला. बराच वेळ. मीही काही बोलले नाही. नवीन होते तेव्हा अशी शांतता मला भरून काढावीशी वाटायची, आता नाही वाटत. शेवटी तो म्हणाला, "ती मी खोललीच नाही कधी."

त्या दिवशी आम्ही लॅम्प लावला. अट एकच, खोडरबर माझ्या ड्रॉवरमध्ये राहणार. पेपरातल्या चुकांना लाल गोल करायला त्यालाच लावलं. धडे वेगळे, गणितं वेगळी, पण पाच ठिकाणी एकच गोष्ट: कंसाबाहेर वजा असला की कंस सोडवताना तो वजा फक्त पहिल्या पदाला द्यायचा, दुसऱ्याला नाही. मी कागदावर लिहिलं, १२ − (७ − ३). "आधी कंस सोडव." आठ. "आता कंस काढून टाक आणि मग कर." त्याने लिहिलं, १२ − ७ − ३. दोन. आठ आणि दोन, दोन्ही उत्तरं एकाखाली एक. त्याचा हात सवयीने खोडरबर शोधायला लागला. मिळालं नाही. मग तो वाकून बघतच राहिला आणि अगदी दुकानातल्या सुरात म्हणाला, "हां. आतल्या तीनचं चिन्हपण फिरतं."

दहावीपर्यंत "मला गणित येत नाही" म्हणत आलेल्या मुलाची निम्मी भीती एका वजाबाकीच्या चिन्हात बसलेली होती. निम्मी म्हणतेय, सगळी नाही. त्रिकोणमिती त्याला खरंच कच्ची होती, ती कच्ची म्हणूनच लिहून ठेवली. कच्चं असणं आणि न येणं यातला फरक कळला की मूल निम्मं मोकळं होतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर पैज लावेन.

वडिलांची बाजू मात्र सोपी नव्हती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेने जाणारी, त्यामुळे माझे कान माणसाच्या बोलण्यातला 'च' टिपतात. "इंजिनिअर झालाच पाहिजे." इच्छा असायला काय हरकत आहे? त्या 'च'ने मात्र इच्छेची सक्ती होते आणि मग घरात कुणाला झोप लागत नाही. त्यांना विचारलं, "दादा, नाही झाला इंजिनिअर, तर काय होईल?" ते म्हणाले, "लोक म्हणतील, रिवाइंडिंगवाल्याचा पोरगा रिवाइंडिंगच करतोय." हे बोलताना ते मुलाकडे बघत नव्हते. ओंकारने मात्र त्यांच्याकडे पाहिलं. "पप्पा, मला ते आवडतं," तो म्हणाला. हे वाक्य त्या घरात आधी कधी उच्चारलंच गेलं नव्हतं.

आता थोडं माहितीचं, कारण नुसत्या समजुतीने फॉर्म भरता येत नाही. गणित ठेवलं की ऑप्शन ओपन राहतात हे खोटं नाही. अकरावीला घेऊन नंतर सोडता येतं, बारावीला नव्याने पकडणं मात्र जवळपास अशक्य. आर्किटेक्चरला बारावीचं गणित लागतं. पण ओपन ठेवलेला ऑप्शन फुकट मिळत नाही. राज्याच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, पीसीएमवाल्याला २०० पैकी १०० गुण गणिताचेच असतात, कारण गणिताचा प्रश्न २ गुणांचा आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचा १. पीसीएमबी घेऊन दोन्ही क्लास लावलेली मुलं दिवाळीपर्यंत कशी दिसतात ते मला विचारा. उलट बाजूनेही तेच, गणित सोडलं म्हणून ते आपल्याला सोडत नाही. एसपी घेऊन सीएकडे निघालेल्याला फाउंडेशन परीक्षेचा तिसरा पेपर क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा आहे. एनडीएत, म्हणजे लष्करी प्रबोधिनीत, आर्मीसाठी बारावी आर्ट्सही चालते, पण लेखी परीक्षेच्या ९०० पैकी ३०० गुण गणिताचे. सायकॉलॉजीला स्टॅटिस्टिक्स भेटतंच, मी स्वतः एमएला त्याच्यापायी रडलेय. सीबीएसईतल्या मुलांना अकरावीला अप्लाइड मॅथेमॅटिक्सची मधली वाट आहे. अकाउंट्स, बिझनेसकडे जाणाऱ्यांसाठी ती चांगली, इंजिनिअरिंगसाठी नाही. म्हणून मी "ठेव" किंवा "सोड" सांगत नाही. तू कुठे निघालायस, का कशापासून पळतोयस, एवढंच विचारते. पळणाऱ्याला मी फॉर्म भरू देत नाही, आधी पेपर आणायला लावते.

ओंकारच्या बाबतीत तिसरीच वाट निघाली आणि ती त्यानेच शोधली: दहावीनंतर तीन वर्षांचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोय आहे, त्यामुळे वडिलांचाही जीव भांड्यात पडला. मी दोघांनाही बजावलं, डिप्लोमा म्हणजे गणितातून सुटका नव्हे. पहिल्या सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स, दुसऱ्यात अप्लाइड. पुढे डिग्रीला गेलास तर बारावी करून आलेली मुलं गणितात तुझ्या पुढे असतील. "माहितीये," तो म्हणाला, "लॅम्प लावीन." जूनभर मी त्याच्याकडून रोज पाच गणितं करून घेतली, पेनाने. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडायचं नाही.

पहिल्या सत्राला गणितात तो पास झाला. फार वर नाही, पण पास. निकाल सांगायला वडीलच आले, माझ्या पंख्याची मोटर आवाज करते म्हणून तीही काढून घेऊन गेले. दारातून परत वळून म्हणाले, "मॅडम, धाकटी नववीत आहे. गणितात पैकीच्या पैकी पडतात, आणि तिला आर्ट्सला जायचंय."

"मग?"

"मग काही नाही. 'च' लावला नाही अजून. पण घेऊन येतो एकदा."