आवाजांबद्दल विचारलं तर ते वाढतील का?

ऐरोलीची एक आई समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत म्हणाली, "मॅडम, गोळ्या चालू आहेत. मग नुसतं बोलून काय होणार? आणि आवाजांचं विचारलंत तर ते आणखी वाढतील ना?" स्किझोफ्रेनिया, म्हणजे इतरांना ऐकू न येणारे आवाज अनेकदा ऐकू येतात तो मानसिक आजार, असलेल्या माणसाच्या घरून हा प्रश्न हमखास येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

विचारल्याने आजार वाढत नाही. पहिले काही दिवस कुणाकुणाला अस्वस्थ वाटतं, म्हणून भेट पाऊण तासाऐवजी पंचवीस मिनिटांची ठेवायची. या आजारात अनेकांचं लक्षही फार वेळ टिकत नाही. गोळ्या मात्र तशाच चालू. बोलणं हे त्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.

मुलगा चोवीस वर्षांचा. 'लोकलमध्ये चढलास की सगळे हसतील,' असं आवाज सांगायचा, म्हणून घर सुटत नव्हतं. त्याला वहीत चार रकाने आखून दिले: वेळ, आवाज काय म्हणाला, तेव्हा काय करत होतास, जोर दहापैकी किती. दहा दिवसांत दिसलं की दुपारी एकटा पडून असताना जोर आठ, आईबरोबर मेथी निवडताना तीन. मोठ्याने वाचलं किंवा गुणगुणलं की आणखी उतरतो. हे त्याने स्वतः शोधलं, हेच महत्त्वाचं.

तिसऱ्या भेटीत घाई झाली. 'लोक खरंच हसतात याला पुरावा काय?' असं थेट विचारलं गेलं आणि तो दोन आठवडे आलाच नाही. विश्वास बसण्याआधी समजुतीवर बोट ठेवलं की समुपदेशकही 'त्यांच्यातलाच' ठरतो. परत आल्यावर वाद बंद, प्रयोग सुरू. दुपारी दोनची लोकल, ऐरोली ते रबाळे, एकच स्टेशन, भाऊ सोबत. आधी लिहायचं: किती जण हसतील? 'सगळे', खात्री 90 टक्के. मोजले तेव्हा दोघे निघाले, दोघांच्याही हातात मोबाइल. खात्री 60 वर आली. शून्यावर येत नाही, तशी अपेक्षाही धरू नये.

हे दोन-चार भेटींत उरकत नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या 'नाइस' संस्थेची शिफारस किमान 16 वैयक्तिक भेटींची आहे, कुटुंबासोबतच्या किमान 10 वेगळ्या. त्या दहांना आपल्याकडे फाटा दिला जातो आणि तिथेच काम अडतं. 'कुठे आहेत आवाज? वेडेपणा सोड,' असं बाबा रोज म्हणत असतील तर वही फार दिवस टिकत नाही. आईला एक वाक्य बदलायला सांगितलं: "मला ऐकू येत नाहीये रे, पण तुला त्रास होतोय ना?"

फ्रिजवर एक कागद लावला आहे. सलग दोन रात्री झोप चार तासांखाली, जेवणावर संशय, गोळी चुकवणं: यातलं काहीही दिसलं की मनोविकारतज्ज्ञांना फोन. आवाज स्वतःला किंवा कुणाला इजा करायला सांगू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय. रात्री काय करावं सुचलं नाही तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, तिथे मराठीत बोलता येतं.